तीदची खरूज

बेयेनेला संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण मागाहून सापडे, आणि हमखास सापडे. कोंबडीनं अंडं घातलं नाही तर शेजारणीनं नजर लावली, घातलं तर शेजारीण मोजत बसली असणार. आमच्या डोंगरावर संशय तसा सगळ्यांनाच येतो. थंडीच अशी, की माणूस अंगाभोवती पांढरा शेला गुंडाळून तोंड झाकून बसतो आणि नुसते डोळे उघडे ठेवतो. नुसते डोळे उघडे ठेवून बसलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? पण बेयेनेचा संशय घरी पाळलेला होता. त्याला रोज दाणापाणी मिळे.

त्या वर्षी तो सगळा संशय एका झाडावर जाऊन बसला.

मरियमच्या देवळाभोवती तीदची जुनी झाडं आहेत. सरळसोट, उंच, खवल्याखवल्यांच्या पानांची. हात लावला तर बोटांना धुपाचा वास येतो. त्यांतल्या सगळ्यात थोराड झाडाखाली बेयेनेची बायको अरेगाश पुरलेली होती. ती गेल्यापासून तो रोज प्रार्थना आटोपली की त्या झाडाखाली दगडावर बसे. लोकांना वाटे, बायकोची आठवण काढतोय. काढायचाही. पण बाकीचा वेळ तो वर बघत बसे, कारण झाड वाळत चाललं होतं. शेंडा करडा पडला होता. फांद्यांवर जागोजागी बारीक डहाळ्यांचे गुंते झाले होते, आणि त्या गुंत्यांतून बोटाच्या पेराएवढे हिरवट-पिवळे, बिनपानांचे कोंब उगवले होते.

आम्ही त्याला तीदची खरूज म्हणायचो. खरं म्हणजे ते बांडगूळ. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? बांडगूळ म्हणजे रानजैतुनावर येतं ते, रुंद पानांचं, लाल फुलांचं. हे खुरटं, केसाळ काहीतरी बांडगूळ असेल असं कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. झाडाला खरूज झाली म्हणजे ती कुणीतरी केली, एवढं सोपं आमचं गणित होतं. कुणी केली तेवढंच शोधायचं.

बेयेनेनं आधी पुजारी आबा झेलेके यांच्यावर संशय घेतला. देवळाचं जिवंत झाड तोडायचं नाही, तोडलं तर शाप. पण वाळलेलं खोड देवळाच्या कामाला घेता येतं, आणि आबांना नवा दरवाजा हवा होता. मग त्यानं आपल्याच भाच्यावर, गेतावर, संशय घेतला, कारण गेता घर बांधत होता आणि येताजाता झाडांकडे बघायचा. शेवटी त्याचा संशय जिथं आमच्या गावातला प्रत्येक संशय शेवटी जातो तिथंच गेला. दामते लोहाराकडे.

दामतेचं घर देवळाच्या राईखाली, उतारावर. देवळाची घंटा, कड्याकोयंडे तोच दुरुस्त करी आणि त्याबद्दल वाळक्या झाडाच्या फांद्या त्याला कोळशासाठी मिळत. म्हणजे झाड मेलं की लोहाराची भट्टी पेटली. हे एक. दुसरं म्हणजे लोहार हा बुदा. बुदाची नजर खाते. तुम्ही घास घेताना त्यानं बघितलं तर तो घास पोटात गेल्यावर तुम्हालाच खायला लागतो, असं आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. फाळाला धार त्याच्याकडूनच लावून घ्यायची, पण त्याच्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. नांगर त्याचा चालतो, नजर चालत नाही. गावाला यात काही वावगं वाटत नसे.

मेस्करेम महिना होता. पावसाळा संपून ऊन पडलं होतं आणि राईच्या कडेनं पिवळी फुलं दाटली होती. बेयेने दगडावर बसला होता. खालच्या पायवाटेनं दामते डोक्यावर कोळशाची पाटी घेऊन वर येत होता. झाडाची एक फांदी वाटेवर ओणवी झाली होती. पाटी तिला घासली. दामतेनं पाटी सावरायला हात वर केला.

टप्.

बेयेनेच्या गालावर काहीतरी बसलं. त्यानं बोट लावलं. तांदळाच्या कणीएवढा हिरवट दाणा, आणि त्याला लाळेसारखा चिकट बुळबुळीतपणा. बोटावरून निघेना. एवढ्यात दुसरा दाणा त्याच्या शेल्यावर येऊन चिकटला.

त्यानं दामतेकडे बघितलं. दामतेचा हात अजून वरच होता.

"राजाच्या देवाची आण!" बेयेने ओरडला. "थांब तिथंच!"

ही आण ऐकली की आमच्याकडे माणूस जागच्या जागी थांबतो. थांबला नाही तर तो राजाचाच गुन्हेगार. दामते थांबला. पाटी हळूच खाली ठेवली.

"काय झालं, गाशे?" थोरल्या माणसाला म्हणायचं तसं त्यानं आदरानं विचारलं.

"मलाच विचारतोस? माझ्या तोंडावर मारलंस ते काय होतं?"

"मी? मी तर पाटी सावरत होतो."

"एक हात वर होता! मी या डोळ्यांनी बघितलं. झाडावर फेकत होतास, नेम चुकला आणि माझ्या गालावर बसला. हे बघ, हे बघ अजून चिकटलंय. बी पेरतोस होय रे खरजेचं, माझ्या अरेगाशच्या झाडावर?"

दामतेनं पुढं होऊन दाणा बघितला. बेयेने दोन पावलं मागे सरकला.

"हे मी कधी बघितलेलं नाही," दामते म्हणाला.

"चोर कधी म्हणतो का, हे गाठोडं माझं आहे म्हणून?"

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. आबा झेलेके आले, गेता आला, बायका कुंपणापाशी उभ्या राहिल्या. बेयेनेनं दाणा सगळ्यांना दाखवला आणि मग शेल्याच्या पदरात पुरावा म्हणून गाठ मारून ठेवला. मग त्यानं मागणी केली: रीतीप्रमाणं बांधा.

ही रीत आता राहिली नाही, पण तेव्हा होती. फिर्यादी आणि आरोपी यांच्या शेल्यांच्या टोकांची एकमेकांशी गाठ मारायची. निवाडा होईपर्यंत दोघांनी बरोबर उठायचं, बरोबर बसायचं. पळून जायचा प्रश्न नाही, आणि आरोप करणाऱ्यालाही कळतं की आरोप करणं फुकट नसतं. गाठ सोडायची ती फिर्यादीनं, स्वतःच्या हातानं, निवाड्यानं त्याचं समाधान झालं की. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही.

आबांनी गाठ मारली. शुम वोंदिराद, म्हणजे आमच्या गावाचा प्रमुख, खालच्या खोऱ्यात गेला होता. तो दुपार उतरल्यावर येणार होता. तोवर दोघांनी त्याच झाडाखाली बसायचं ठरलं.

"आणि दोष शाबीत झाला तर?" गेतानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"तर सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं," आबा म्हणाले. "बायकोपोरीसकट."

दामतेनं उताराकडे आपल्या घराच्या दिशेनं बघितलं.

माणसाशी असं बांधून घेतल्याशिवाय ते काय असतं हे कळत नाही. बेयेनेनं मान खाजवली की दामतेचा खांदा हले. दामते पाय पसरी तेव्हा बेयेनेचा शेला ताणला जाई, आणि बेयेनेला वाटे, हा गाठ सैल करतोय. तो दर थोड्या वेळानं गाठ चाचपून बघे. दामते खोकला, तर मुद्दाम खोकला. गप्प बसला, तर मनातल्या मनात मंत्र म्हणतोय. पुटपुटला, तर मग काय, शंकाच नको.

"काय म्हणतोयस?"

"मरियमची प्रार्थना म्हणतोय, गाशे."

"मोठ्यानं म्हण."

दामतेनं मोठ्यानं म्हटली. एकही शब्द चुकला नाही. आता लोहाराला प्रार्थना इतकी चोख पाठ कशी, याचा बेयेनेला नवा संशय आला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बेयेनेची मुलगी मुलूनेश टोपली घेऊन आली. इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली जाळीदार भाकरी, त्यावर झणझणीत शिरो, आमचं पिठलंच म्हणा. वास आला आणि बेयेनेच्या पोटानं गुरगुर केली. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. पण बुदाशी बांधलेल्या माणसानं जेवायचं कसं?

"बाबा, शेला डोक्यावरून घ्या आणि आत खा," मुलूनेश हलक्या आवाजात म्हणाली.

त्यानं शेला डोक्यावर ओढला. गाठीमुळं दामतेचा शेलाही ओढला गेला, त्याच्याबरोबर दामतेही, आणि दोघांची डोकी एकाच शेल्याखाली आली. अंधारात, टोपलीवर, नाकाला नाक.

"वाढताय का मला?" दामते म्हणाला.

बेयेने झटक्यात बाहेर आला. कुंपणापाशी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यानं टोपली झाकली आणि बाजूला सारली. "भूक नाही मला," तो मुलीवर खेकसला. "जा घरी. आणि जाताना कुणाला काही बोललीस तर याद राख."

मुलूनेश टोपली तिथंच ठेवून गेली. शिरोचा वास येतच राहिला.

उतारावर दामतेच्या घरासमोर त्याची बायको तवाबेच मडकी बाहेर काढून मांडत होती. ती कुंभारीण. एकेका मडक्यात गवत भरून ती ते दुसऱ्यात बसवत होती. जवळ त्यांची पोर उभी होती.

"बघ," बेयेने म्हणाला, "निवाडा व्हायच्या आधीच बांधाबांध. खाई त्याला खवखवे."

"दोन गावांतून अंगावरच्या कपड्यानिशी पळालोय, गाशे," दामते म्हणाला. "पहिल्या गावात कुणाची गाय आटली. दुसऱ्या गावात नव्या नवरीच्या पोटात दुखलं. दोन्ही वेळा तवाबेचची सगळी मडकी फोडली लोकांनी. या वेळी ती म्हणाली असेल, निदान मडकी तरी वाचवू."

"म्हणजे दोन गावं सांगतात तू बुदा आहेस. दोन्ही खोटी?"

"आता तीन होतील. चौथं गाव कुठं शोधू सांगा. पुढं तर कडाच आहे."

बेयेनेला तो आवाज आवडला नाही. फार सरळ होता. लबाड माणूस सरळ बोलतो तेव्हाच सांभाळायचं असतं, असं त्यानं स्वतःला बजावलं.

थोड्या वेळानं दामते पुन्हा बोलला. "तुमची अरेगाशबाई आमच्याकडे मडकी घ्यायला यायची. एकदा उन्हात आली आणि पाणी मागितलं. तवाबेचनं दिलं. आमच्यासमोर प्यायली. या गावात आमच्यासमोर पाणी प्यायलेलं तेवढं एकच माणूस."

बेयेनेनं गाठ चाचपली. "म्हणून मेली ती," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली. अरेगाश थंडीतापानं गेली होती. त्या वर्षी खोऱ्यात घरोघरी माणसं गेली होती.

"पाणी प्यायल्यावर त्यांनी पाच पेरण्या बघितल्या, गाशे," दामते एवढंच म्हणाला. मग त्यानं गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

सूर्य जरा सरकला आणि ऊन सरळ झाडावर पडलं. कुंपणापाशीचे लोक जेवायला घरी गेले. दामतेला डुलकी लागली. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर पडले होते, मोठे, भाजलेल्या डागांचे. बेयेने त्या हातांवर नजर ठेवून होता.

टप्.

पुन्हा गालावर. या वेळी दुसऱ्या.

बेयेनेनं दामतेचे हात बघितले. मांडीवरच होते. तोंड बघितलं. उघडं होतं, आणि त्यातून घोरणं येत होतं. बेयेने कितीही संशयी असला तरी घोरणारा माणूस नेम धरतो असं म्हणायला त्याचीही जीभ रेटेना.

टप्. हा दाणा शेजारच्या दगडावर बसला आणि तिथंच चिकटला.

त्यानं मान हळूहळू वर केली. ओणव्या फांदीवरच्या खरजेच्या कोंबांना बारीक हिरवी फळं लटकली होती, खाली तोंड करून. तो बघत असतानाच त्यांतलं एक देठापासून सुटलं आणि दाणा पिचकारीसारखा उडून गेला. कुठं गेला हे दिसलंही नाही. पलीकडच्या कोवळ्या तीदच्या पानांत बारीक आवाज झाला, तेवढाच.

बेयेनेनं आपली काठी उचलली आणि तिचं टोक एका गुच्छाला लावलं. टप् टप् टप्. तीन दाणे तीन दिशांना. एक दामतेच्या कपाळावर बसला.

दामते दचकून उठला. कपाळाला हात लावला, बोट बघितलं, बेयेनेकडे बघितलं. काठी अजून वरच होती.

"आता तुम्ही काय मारलंत, गाशे?"

"काही नाही," बेयेने काठी खाली ठेवत म्हणाला. "माशी होती."

बेयेनेला सगळं कळलं होतं. खरूज स्वतःच थुंकते. उन्हानं, धक्क्यानं, पाटी घासल्यानं. या झाडावरून त्या झाडावर, वर्षानुवर्षं, कुणाच्याही हाताशिवाय. सकाळी लोहार येणं आणि दाणा उडणं हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसंच झालं होतं. आणि हे कळलेला माणूस अख्ख्या डोंगरावर एकटा तोच होता. लोहारालाही अजून माशीच वाटत होती.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? अख्खा गाव त्याच्या बाजूनं होता. उलट सांगितलं तर सकाळी राजाची आण घालून ओरडणारा बेयेने झाडाच्या थुंकीला भ्याला असं पोरंसोरं म्हणणार. शिवाय अरेगाशचं झाड तरीही मरणारच होतं, आणि मग त्याला रागावायला कुणीच उरणार नव्हतं. हेच त्याला सगळ्यात जड गेलं.

शुम वोंदिराद खेचरावरून आला तेव्हा अर्ध्याहून जास्त गाव जमलं होतं. ते काही लोहारासाठी नव्हे. बेयेनेचं बोलणं ऐकायला. फिर्याद मांडावी तर बेयेनेनं. शेला कमरेला आवळून, काठी आपटत, पैजेवर पैज लावत तो असा बोलायचा की समोरचा खरा असला तरी खोटा दिसायला लागे.

"बोल," शुम म्हणाला.

बेयेने उठला. गाठीबरोबर दामतेही उठला. लोकांनी माना उंचावल्या, आणि बेयेनेच्या जिभेला आपोआप धार चढली.

"मधाची घागर लावतो!" तो गरजला.

"लावली, लावली!" लोक ओरडले.

"खेचर लावतो!"

"लावलं!"

"या राईत बसून, या झाडाच्या अंगावर वैऱ्यानं..." इथं तो थांबला. उतारावर तवाबेच पाठीवर मडक्यांचं ओझं बांधून उभी होती. पोरीच्या डोक्यावर एक लहानसं मडकं होतं. निवाड्याची वाटसुद्धा न बघता त्या तयार झाल्या होत्या.

"मधाची घागर आणि खेचर लावतो," बेयेने खालच्या आवाजात म्हणाला, "की ज्यानं हे केलं तो माझ्याशी बांधलेला नाही."

कुणाला समजेना. शुमनं कान पुढं केला. "काय म्हणालास?"

"लोहारानं काही केलेलं नाही. झाडच थुंकतं. ती खरूज थुंकते. मी चुकलो."

आमच्या डोंगरावर 'मी चुकलो' हे शब्द भर सभेत कुणी म्हटल्याचं जुन्यांनाही आठवत नव्हतं. बेयेनेनं तर नाहीच. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि ते बघणं बेयेनेला चांगलं ओळखीचं होतं. आयुष्यभर तो तसंच बघत आला होता.

"दाखवतो!" तो म्हणाला आणि दामतेला ओढत फांदीखाली गेला. काठीनं गुच्छ हलवला. दाणे उडाले. एक शुमच्या दाढीत बसला, एक आबांच्या पगडीला.

बायका किंचाळल्या.

"बघा!" गेता पुढं येऊन ओरडला. "बांधलाय तरी फेकतोय! नजरेनं फेकतोय!"

"अरे गाढवा, काठी माझ्या हातात आहे!"

"तीच तर गोष्ट, मामा. काठी तुमची, करणी त्याची. सकाळपासून तुम्ही त्याच्याशी बांधलेले. सकाळी काय बोलत होतात आणि आता काय बोलताय? शुमसाहेब, माझा मामा आयुष्यात कधी चुकलो म्हणाला नाही. हा मामा नाही बोलत. त्याच्या तोंडून तो बोलतोय!"

"खरं आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "बेयेने असं बोलणारच नाही."

"डोळे बघा त्याचे, कसे झालेत."

डोळे झाले होते ते भुकेनं. पण बेयेनेनं जितकं जास्त समजावलं तितकी गर्दी मागे सरकत गेली. त्यानं पदराची गाठ सोडून सकाळचा दाणा आणि दगडावरचा दाणा शेजारी ठेवून दाखवले. कुणी जवळ येऊन बघेना. शुमनं दाढीतला दाणा काढायचा प्रयत्न केला, तो बोटाला चिकटला, मग दुसऱ्या बोटाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पुरे," तो म्हणाला. "ज्यानं बेयेनेची जीभ फिरवली तो उद्या कुणाचीही फिरवेल. सूर्य मावळायच्या आत लोहारानं गाव सोडावं. बेयेने, गाठ सोड."

दामतेनं मान खाली घातली. गाठ सोडवायला सोपं जावं म्हणून तो बेयेनेच्या जवळ सरकला. त्या जवळ सरकण्यावरून बेयेनेला कळलं, या माणसाला हाकलून घ्यायची सवय झाली होती.

"सोडत नाही," बेयेने म्हणाला.

"काय?"

"गाठ फिर्यादीनं सोडायची, समाधान झाल्यावर. रीत आहे ना? माझं समाधान झालेलं नाही. हाकला. याला हाकलाल तर मीही त्याच्याबरोबर बांधलेला जाईन. माझी शेतं, माझी बैलजोडी इथंच राहील, आणि गेता ती घेईल. मग पुढच्या वर्षी तुम्ही म्हणा की मामाला घालवायला गेतानंच बुदा आणला होता. तुम्ही म्हणाल. मी ओळखतो तुम्हाला. मी तुमच्यातलाच आहे."

गेताच्या शेजारी उभे असलेले दोघे त्याच्यापासून जरा लांब झाले.

"बाबा!" मुलूनेश गर्दीतून ओरडली. बेयेनेनं तिच्याकडे बघितलं, मग दगडापाशी पडलेल्या टोपलीकडे.

तो खाली बसला. दामतेला बसावंच लागलं. बेयेनेनं टोपलीवरचं झाकण काढलं. शिरो गार होऊन इंजेऱ्यात मुरला होता.

"भरव मला," तो दामतेला म्हणाला.

आमच्याकडे आपल्या माणसाला आपल्या हातानं घास भरवतात. परक्याला नाही. बुदाच्या हातचा तर घास भरवून घेतलेला माणूस कुणी बघितला नव्हता, आणि असला तर तो सांगायला उरला नसणार असं सगळे धरून चालले होते.

"नका, गाशे," दामते म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच तो घाबरला होता. "तुम्हाला नुसती शिंक आली तरी मला जिवंत सोडणार नाहीत. पोर उभी आहे तिथं. त्यापेक्षा जाऊ द्या मला."

"अरेगाश प्यायली होती ना तुमच्याकडे पाणी?"

"प्यायली होती."

"मग भरव."

दामतेनं इंजेऱ्याचा तुकडा तोडला, शिरोत बुडवला, गुंडाळला. घास बेयेनेच्या तोंडाशी आला तेव्हा बेयेनेला, इतकं सगळं कळलेलं असूनही, तोंड मिटून घ्यावंसं वाटलं. लहानपणापासूनची भीती अशी एका दुपारीत जात नाही. त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बेयेनेनं चावलं. गिळलं.

शुमनं खूप वेळ दाढी खाजवली. दाणा निघाला नाही. "ठीक," तो शेवटी म्हणाला. "उद्या सकाळच्या प्रार्थनेला बेयेने आपल्या पायांनी देवळात आला तर लोहार राहील. पोटावर हात ठेवून आला तर..."

उतारावर तवाबेचनं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. सोडलं मात्र नाही.

घरी कुणी जाईना. सगळे शेले गुंडाळून, तोंडं झाकून, झाडापासून बेतानं लांब बसले, आणि सगळ्यांचे डोळे बेयेनेच्या पोटावर. ऊन कलत होतं. मधूनच एखादा दाणा टप् करून पडे. तिकडे कुणी बघतही नव्हतं.

आणि मग कळ आली.

येणारच होती. दिवसभराचं रिकामं पोट, त्यात गार झालेला तिखटजाळ शिरो. बेंबीखालून निघाली आणि वर चढत गेली. पोटाशी न्यायला हात उचलला गेला, आणि अर्ध्यात थांबला. समोर गेता जरा पुढं वाकला होता. बेयेनेनं तो हात तसाच वर नेला आणि मिशीवरून फिरवला. दामते रोज असाच बसत असेल का, त्याच्या मनात आलं. खोकला गिळत, खाज दाबत, आपल्या अंगातलं काहीही कुणाला दिसू नये म्हणून.

गाठीतून ताण दामतेला कळला. त्यानं ओठ न हलवता विचारलं, "कळ आली का, गाशे?"

"तू समोर बघ आणि हस," बेयेने दातांवर दात दाबून म्हणाला. "आणि दुसरा घास दे. मोठा."